डाळिंबाच्या पिंपातला करा

१

सोलापुरात झाडं उन्हानं मरत नाहीत, माणसांच्या मायेनं मरतात. हे मी सात रस्त्याजवळच्या आमच्या ऑफिसात कानीकपाळी ओरडत असतो. मे महिन्यात मोगऱ्यानं जरा मान टाकली की लोक भर दुपारी बादली घेऊन गच्चीवर धावतात, तापलेल्या मातीत पाणी ओततात आणि मुळं उकडून काढतात. दोन दिवसांनी माझ्या टेबलाशी येऊन म्हणतात, आदिनाथराव, मोगरा वाळला हो. वाळला कशाचा, शिजवलात तुम्ही.

माझं साधं असतं. पाणी सकाळी साडेसहाच्या आत, नाहीतर मग संध्याकाळी ऊन उतरल्यावर. मधे झाडानं कितीही तोंड वेंगाडलं तरी थेंब नाही. आणि पाण्याआधी बोट. उजव्या हाताची तर्जनी दुसऱ्या पेरापर्यंत मातीत घालायची. टोकाला ओल लागली की पुढच्या कुंडीकडे जायचं. नळाला चार दिवसांआड पाणी येणाऱ्या गावात नुसत्या डोळ्यांवर विसंबून चालत नाही, कारण वरची माती नेहमीच कोरडी दिसते. आमच्या गच्चीवर पंचेचाळीस कुंड्या आहेत. वर हिरवी जाळी, मातीवर उसाच्या पाचटाचा जाड थर. पंचेचाळीस वेळा बोट घालायला मला वीस मिनिटं लागतात. माझी बायको ऋतुजा म्हणते, तेवढ्या वेळात पोहे होतात.

पूर्वेच्या कोपऱ्यात एक निळं पिंप अर्धं कापून ठेवलंय, त्यात डाळिंब आहे. सांगोल्याकडच्या आमच्या रानातली गुटी, म्हणजे फांदीचं कलम, मी स्वतः आणून लावलेली. आई अधूनमधून वर येते, त्याच्या पानांवरून हात फिरवते आणि बाकीच्या झाडांकडे ढुंकूनही न बघता खाली जाते.

आई म्हणजे बजाबाई. वय चौऱ्याहत्तर, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. दहा वर्षांपूर्वी, टँकरच्या दिवसांत, माझे वडील आबासाहेब मे महिन्यातल्या एका दुपारी दोन घागरी घेऊन वेशीपाशी टँकरला गेले आणि परत आले नाहीत. एक घागर वाटेत सापडली, काठोकाठ भरलेली. दुसरी घागरही नाही आणि वडीलही नाहीत. विहिरी बघितल्या, पोलिसात दिलं, पेपरात फोटो दिला. फोटोखाली मी मुद्दाम छापायला लावलं होतं की उजव्या हाताची तर्जनी अर्धी आहे. कडबा कापायच्या यंत्रात गेलेली. लहानपणी सांगोल्याच्या बाजारात मी त्यांचं मधलं बोट धरून चालायचो, कारण शेजारचं धरायला पुरत नसे.

२

आई रोज बाराला उंबऱ्यात पाण्याचा तांब्या भरून ठेवते आणि एक वाजेपर्यंत स्वतः घोटभरही पाणी पीत नाही. ते आले आणि तहानलेले असले तर, म्हणून. दहा वर्षं हे चाललंय. गेल्या उन्हाळ्यात ती दोनदा चक्कर येऊन पडली. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की या वयात मूत्रपिंडं असली चेष्टा सहन करत नाहीत, अजून एक उन्हाळा असा काढला तर अवघड आहे. मी आईला समजावलं, चिडलो, ऋतुजाला मधे घातलं. आईचं एकच पालुपद. माणूस गेल्याचं कुणी बघितलंय का?

मी विमा कंपनीत दावे तपासतो. बेपत्ता माणसाला एक ना एक दिवस गेलेला धरावं लागतं, त्याशिवाय राहिलेल्यांचं पुढे सरकत नाही, हे मी दुसऱ्यांच्या बायकांना आणि आयांना रोज सांगतो. या अक्षय तृतीयेला मी ते माझ्याच घरात केलं. आमच्याकडे त्या दिवशी गेलेल्या माणसाच्या नावानं करा भरतात. करा म्हणजे मातीचं लहान मडकं. त्यात पाणी, वाळ्याची जुडी, गळ्याला सुताचा दोरा, वर हळदकुंकू. नाव घेऊन पूजा करायची आणि मग ते मडकं पाण्यासकट कुणातरी तहानलेल्याला देऊन टाकायचं. आईनं खाली देवघरात माझ्या आज्याचा करा भरला. मी वर गच्चीत, जिन्याचं दार लोटून, वडिलांचा भरला. आबासाहेब असं नाव घेतलं. वाटलं, आधी मी मानतो, मग हळूहळू तिलाही मानायला लावतो.

आता ते मडकं द्यायचं कुणाला? गल्लीत कुणालाही दिलं असतं तरी तासाभरात आईच्या कानावर गेलं असतं. आणि खरं सांगायचं तर माझी नजर झाडवाल्याची. कच्च्या भाजणीचं, पाझरणारं मडकं. असं मडकं गळ्यापर्यंत मातीत पुरून भरून ठेवलं की पाणी झिरपत थेट मुळांना मिळतं, उन्हाला वाटा जात नाही. मी करा डाळिंबाच्या पिंपात पुरला, तोंडावर बशी झाकली आणि हात धुतले. लपलाही आणि कामालाही आला. त्या दिवशी मला स्वतःचं कौतुकच वाटलं होतं.

३

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी करा रिकामा होता. नवं मडकं आधी स्वतः पाणी पितं, हे मला माहीत आहे. पुन्हा भरला. तिसऱ्या दिवशी पुन्हा रिकामा. एवढं पाणी तीन दिवस तरी पुरायला हवं. तळाला चीर असेल म्हणून मी सवयीनं मडक्याशेजारी बोट घातलं. दुसऱ्या पेरापर्यंत कोरडं. मग बोटाच्या मुळापर्यंत घातलं. माती भाजलेल्या पिठासारखी कोरडी आणि गरम होती.

इथे माझं डोकं फिरलं. पाणी मडक्यातून गेलं तर मातीत यायला हवं. मातीत नाही तर मडक्यात हवं. तिसरी जागा नाही. ऑफिसात असा दावा आला असता तर मी तो तिथल्या तिथे परत पाठवला असता.

शनिवारी मी सुट्टी घेतली आणि काडी बुडवून बुडवून पातळी बघितली. सातला काठोकाठ. दहाला तसंच. बाराला दोन बोटं खाली, म्हणजे नियमानं जेवढं पाझरायला हवं तेवढंच. मग मी जेवायला खाली आलो. एकला वर गेलो तर आत ठणठणाट. बशी जागच्या जागी होती. तिच्यावर मी वारा नको म्हणून ठेवलेला दगडही जागच्या जागी होता. फक्त वाळ्याचा वास येत होता. वाळ्याची जुडी मी पहिल्याच दिवशी काढून टाकली होती.

पलीकडच्या गच्चीवर कमलम्मा पापड वाळत घालते. तिच्या घरी टॉवेलचे माग आहेत. मागाच्या खडखडाटात आयुष्य गेल्यामुळे ती मोठ्यानं बोलते, ऐकतेही कमी. तरी तिनंच कठड्यावरून मला हाक मारली आणि विचारलं, "भाऊ, तुमच्या गच्चीवर दुपारचं पाणी कोण पितंय? लई वेळ पितंय बघा. मधे दमसुद्धा घेत नाही."

मी म्हणालो, टाकीचा बॉल खराब झालाय. खाली येऊन बॉल तपासला. चांगला होता.

४

भोकं त्यानंतर दिसली. सोमवारी सकाळी पाचट बाजूला सारलं तर पिंपातल्या मातीत चार भोकं होती, एका ओळीत. माणूस बोट घालून बघतो तशी. पहिल्यांदा मला हसूच आलं. वाटलं, ऋतुजानं माझी नक्कल करून चेष्टा केली. पण मी बोट घालतो तेव्हा माती आत दबते आणि भोकाचा काठ गुळगुळीत होतो. इथे काठावर माती उकरून वर आलेली होती, मुंग्यांच्या वारुळाला असते तशी. आतून बाहेर.

चारांतलं एक भोक आखूड होतं. बाकीच्या तिन्हींच्या निम्मं.

मी ती भोकं बुजवली. घूस असेल, खार असेल, मुंगूस असेल, अशी सगळी नावं घेतली. घूस हाताच्या बोटांसारखी ओळीत चार भोकं पाडत नाही, हे मला कळत होतं. तरी बाभळीच्या काट्या आणून पिंपावर रचल्या. मंगळवारी काट्या तशाच आणि भोकं परत. बुधवारी मी आखूड भोकात माझं बोट घालून बघितलं. का घातलं, कुणास ठाऊक. ते पहिल्या पेरापाशी अडलं आणि मी ते इतक्या घाईनं ओढलं की काट्यानं हात ओरबाडला. ऋतुजानं हळद लावता लावता विचारलं की पिंपात काय पुरलंय. मी सांगितलं, खत.

ऑफिसात माझं लक्ष लागेना. बारा वाजायला आले की मी घड्याळाकडे बघत बसायचो, ते बरोबर एक वाजेपर्यंत. रात्री झोप चांगली लागत होती. त्रास सगळा त्या एका तासाचा होता.

५

गेल्या रविवारी आई डाळिंबाला बघायला वर आली. मी कढीपत्त्याच्या कुंडीशी होतो. तिनं पानांवरून हात फिरवला, काट्या बघितल्या, एक काटी उचलली आणि तशीच थांबली. मातीतून मडक्याचा गळा तेवढा वर दिसत होता. त्याला कुंकवाची बोटं होती आणि सुताचा दोरा होता. दोरा सोडायचं मला सुचलंच नव्हतं.

"कुणाच्या नावानं भरला?" तिनं विचारलं.

मी म्हणालो, आज्याच्या. ती म्हणाली की आज्याचा तिनं स्वतः भरला होता आणि स्वतः जंगमाच्या घरी दिला होता.  मी पुढे होऊन सगळं सांगायला लागलो, डॉक्टर, चक्कर, तिची तब्येत. माझा आवाज चढत गेला. ती ऐकत होती की नाही ते कळेना.

"त्ये कुटं तरी घोटभर पाणी पीत आसत्याल," ती शेवटी म्हणाली. "आता त्यास्नी ते पुरंल का रं? तू त्यास्नी गेल्यालं धरून त्यांचं पाणी हितं आणून ठेवलंस."

तेव्हापासून तिनं उंबऱ्यात तांब्या ठेवायचं बंद केलं. मला हवं होतं ते झालं, असं म्हणायला हरकत नव्हती. फक्त आता ती बाराला तांब्या घेऊन वर गच्चीत जाते. त्रेचाळीस अंशांत, डोक्यावर नुसता पदर. पिंपाशी बसते, कऱ्यात पाणी ओतत राहते आणि एकला खाली येते. ऋतुजानं अडवून बघितलं, दाराला कुलूप लावून बघितलं. आई कुलपाशी शांत उभी राहिली आणि खाली कोसळली, तेव्हा ऋतुजानंच रडत कुलूप काढलं. ऋतुजा म्हणते, आई वर बोलत असतात. मधे थांबतात, मग परत बोलतात.

एक गोष्ट मी कुणालाच सांगितलेली नाही. बायकोलाही नाही, आईला तर नाहीच. त्या दुपारी मी सुट्टीला गावी आलो होतो. सोप्यात गार फरशीवर मोबाइल घेऊन पडलो होतो. आई शेजारी दळणाला गेली होती. वडील घागरी उचलून दारात थांबले आणि म्हणाले, येतूस का रं, दोन घागरी जड पडत्यात. मी वर न बघता म्हणालो, तुमी व्हा फुडं, ऊन उतरलं की येतो. ते बरं म्हणाले आणि गेले. आम्हा दोघांशिवाय तिथे कुणी नव्हतं. ऊन उतरलं तेव्हा मला झोप लागली होती.

आईसाठी करा भरला असं मी वर लिहिलंय. ते अर्धं खरं आहे. दहा वर्षं मला त्या वाक्यातून सुटायचं होतं.

६

आज मी अर्धी रजा टाकली आणि साडेअकराला घरी आलो. ऋतुजाला सांगितलं की आईला आतल्या खोलीत गुंतवून ठेव, दहा मिनिटं पुरेत. खुरपं घेऊन वर गेलो. करा उपटायचा, फोडायचा, खापऱ्या पिशवीत भरून लांब नेऊन टाकायच्या, एवढंच काम होतं.

गच्ची पांढरी पडली होती. जाळीखालीही झळ लागत होती. मागांचा आवाज थांबला होता, बारा वाजले की कमलम्माकडे जेवायची सुट्टी होते. मी काट्या बाजूला केल्या, बशी उचलली, पाचट काढलं. करा मी सकाळी भरला होता तसा भरलेला होता. भोकं होती. खुरपं उजव्या हातात होतं, ते मी डाव्या हातात घेतलं आणि बोट मातीत घातलं. मी खणण्याआधी बोट का घातलं, तर माझ्या हाताला दुसरं काही येतच नाही. वर्षानुवर्षं रोज पंचेचाळीस वेळा तो तेच करत आलाय.

पहिलं पेर कोरडं. दुसरं पेर कोरडं. मग टोकाला ओल लागली.

आणि बोट धरलं गेलं.

ओढलं नाही, आवळलं नाही. बाजारातल्या गर्दीत पोराचं बोट धरावं तसं धरलं. एका बाजूनं तीन बोटांचा स्पर्श होता आणि त्यांच्या शेजारी काहीतरी बुटकं, गोल, नख नसलेलं, माझ्या पेराला टेकलेलं. ते गार होतं. एवढ्या उन्हात इतकं गार की मला क्षणभर बरं वाटलं. हे लिहायची लाज वाटते, पण क्षणभर मला तिथून हलायचंच नव्हतं. मडक्यात गट गट आवाज सुरू झाला. पाण्याची पातळी माझ्या डोळ्यांसमोर उतरत होती.

मग मी झटका दिला. बोट सुटलं. भोकाच्या तोंडाशी ओलं, मातकट काहीतरी वर आलं, उजेड लागताच थबकलं आणि सावकाश आत गेलं. मुळी असेल. डाळिंबाच्या मुळ्या तांबूस असतात. मी तशीच नोंद माझ्या मनाशी करून घेतली आणि खुरपं तिथेच टाकून जिना उतरलो.

७

आई आतल्या खोलीत नव्हती. जिन्याच्या शेवटच्या पायरीवर तांब्या घेऊन बसली होती. ऋतुजा तिच्या मागे उभी होती आणि मानेनंच मला सांगत होती की ऐकत नाहीत. आईनं माझ्या हाताकडे बघितलं. मीही बघितलं. हात धुळीनं भरला होता, फक्त तर्जनी तेवढी स्वच्छ होती आणि तासन् तास पाण्यात राहिल्यासारखी सुरकुतली होती.

"भेटलं न्हवं," आई म्हणाली.

मी तिला म्हणालो की तू आता वर जायचं नाहीस, तुझ्या पाया पडतो. ती लगेच बरं म्हणाली. इतक्या लगेच, की मी चरकलो. तिनं हातातला तांब्या तोंडाला लावला आणि सगळं पाणी पिऊन टाकलं. बारा वाजून गेले होते, एक वाजायचा होता. दहा वर्षांत पहिल्यांदा.

"आता मला जायाचं कारन न्हाय," पदरानं तोंड पुसत ती म्हणाली. "त्यास्नी माझ्याशी बोलायचंच न्हवतं. रोज एकच इचारत्यात. आदिनाथचं ऊन उतरलं का? मला काय त्येचा अर्थ लागला न्हाय, बाबा. मी म्हटलं, पाठवते."

ऋतुजा माझ्याकडे बघत राहिली.  चुलीपाशी, न्हाणीत, गच्चीत, कुठेही हे वाक्य मी कधी उच्चारलेलं नाही. झोपेत बोललो असेन का, हे ऋतुजाला विचारावं असं वाटलं, पण ती हो म्हणाली असती तरी मी विश्वास ठेवला नसता आणि नाही म्हणाली असती तरी मला ते ऐकायचं नव्हतं.

दुपारभर मी या खुर्चीत बसून हे लिहितोय. समोरच्या भिंतीवर पाण्याच्या टाकीची सावली आहे. तीनला ती खिडकीच्या खाली होती. चारला खिडकीवर आली. मी जन्मभर उन्हाला शिव्या दिल्या, सगळं सोलापूर देतं. आज मात्र ते जाऊ नये असं मला वाटतंय. मधे एकदा आई घासायला बसली होती. चिंचेचा वास आला म्हणून मी बघितलं. ती वाटेत सापडलेली घागर आईनं गावाहून येताना काही केल्या सोडली नव्हती, माळ्यावर पडून असायची. ती आता लख्ख होऊन जिन्याच्या पहिल्या पायरीवर ठेवलीय. एकच. दुसरीबद्दल आईनं काही विचारलं नाही.

साडेपाच वाजले. सावली भिंतीवरून गेली. वर पंचेचाळीस कुंड्या सकाळपासून तापल्यात, त्यांना पाणी द्यायची वेळ झालीय, आणि घरात ते काम माझंच आहे.

स्वयंपाकघरातून आईनं हाक मारली, रोजच्याच आवाजात.

"आदिनाथ, ऊन उतरलं की."